पुन्हा पुन्हा उलटणारी मुरुमे: नवी ट्यूब घेण्याआधी काय तपासावे

औषधाच्या दुकानात काउंटरमागे उभा राहून मला आता एकवीस वर्षे झाली. मुरुमांसाठी येणाऱ्यांच्या तोंडून या काळात सर्वाधिक वेळा ऐकलेले गाऱ्हाणे एकच आहे: "त्या ट्यूबने गेली होती हो, पण बंद केली की परत येतात." असे सांगणारा माणूस बहुधा तीच ट्यूब पुन्हा मागतो किंवा तिच्याहून जोरकस काही आहे का, असे विचारतो. मी डॉक्टर नाही, त्यामुळे निदान करणे हे माझे काम नव्हे. पण हजारो चिठ्ठ्या आणि त्याहून अधिक रिकाम्या ट्यूबा हाताखालून गेल्यावर माझे एक मत पक्के झाले आहे. मुरुमे परत येतात तेव्हा औषध कमी पडले असे आपण समजतो, मात्र बहुतेक वेळा उपचार फार लवकर थांबवलेला असतो, किंवा चेहऱ्याला नकळत स्टेरॉइड लागलेले असते, किंवा ज्याला आपण मुरूम समजतो ते मुळात मुरूमच नसते. या तिन्हींवरचे उपाय एकमेकांपासून इतके वेगळे आहेत, की आपले गाडे कुठे अडले आहे हे कळल्याशिवाय नवी ट्यूब घेऊ नये.

दिसण्याआधीचे आठवडे

त्वचेतील केसाच्या मुळाशी तेलग्रंथी असते आणि तिचे तेल केसाच्या नळीतून वर येते. वयात येताना अँड्रोजेन संप्रेरकांमुळे हे तेल वाढते. त्याच वेळी नळीच्या तोंडाशी झडून जाणाऱ्या मृत पेशी एकमेकींना चिकटून राहू लागतात आणि तेथे डोळ्यांना न दिसणारी गुठळी तयार होते. तुंबलेल्या तेलात क्युटिबॅक्टेरियम ॲक्नेस हे जिवाणू वाढतात (२०१६ पर्यंत त्यांचे नाव प्रोपिओनिबॅक्टेरियम असे होते, म्हणून जुन्या पुस्तकांत तेच आढळते) आणि शरीराच्या प्रतिकारामुळे सूज, लाली व पू येतो. गुठळीचे तोंड उघडे असेल तर तिचा वरचा भाग काळा पडतो. तो काळेपणा रंगद्रव्याचा असतो, मळाचा नसतो, आणि म्हणूनच ब्लॅकहेड कितीही घासले तरी धुऊन जात नाहीत. सुश्रुतसंहितेत क्षुद्ररोगांमध्ये तरुणांच्या तोंडावरील या पुळ्यांना मुखदूषिका म्हटले आहे आणि त्यांना सावरीच्या काट्यांची उपमा दिली आहे. ज्याने काटेसावरीचे खोड जवळून पाहिले आहे, त्याला ती उपमा किती नेमकी आहे हे सांगावे लागत नाही.

समस्या निवारणाच्या दृष्टीने या सगळ्यातील महत्त्वाची गोष्ट वेळेची आहे. आज गालावर दिसणारी पुळी काही आठवड्यांपूर्वी आत सुरू झालेली असते. ती बसली म्हणजे शेजारच्या नळ्यांतील न दिसणाऱ्या गुठळ्या गेल्या असे होत नाही. चेहरा स्वच्छ दिसला, ट्यूब कपाटात गेली आणि महिन्या-दीड महिन्यात पुळ्या पुन्हा उठल्या, तर तो रोग उलटला असे म्हणण्यापेक्षा तो आत चालूच होता असे म्हणणे अधिक खरे ठरेल. म्हणून स्वतःला विचारायचा पहिला प्रश्न असा: मागच्या वेळी मी औषध नेमके किती आठवडे लावले, आणि ते कोणाच्या सांगण्यावरून थांबवले? कोणत्याही योग्य उपचाराचा परिणाम जोखण्यासाठी आठ ते बारा आठवडे द्यावे लागतात. माझ्याकडे येणाऱ्यांपैकी अनेकांनी पंधरा दिवसांत निराश होऊन औषध सोडलेले असते किंवा तीन आठवड्यांत खूश होऊन.

ट्यूबवरचे बारीक अक्षर

दुसरा प्रश्न मला सर्वांत जिव्हाळ्याचा वाटतो, कारण तो माझ्या घरात येऊन गेला आहे. माझी भाची बावीस वर्षांची असताना घरात लग्न ठरले. कोणाच्या तरी सल्ल्याने तिने एका ब्यूटी पार्लरमधून लहानशा प्लास्टिकच्या डबीतील पांढरे क्रीम आणले. डबीवर नाव नव्हते, घटक नव्हते, मुदतीची तारीखही नव्हती. दहा दिवसांत पुळ्या बसल्या, चेहरा उजळला आणि घरातील सर्वांनी कौतुक केले, ज्यात मीही होतो, याचे मला आजही वाईट वाटते. चार महिन्यांनी ती दुकानात आली तेव्हा गाल लालसर होते, त्यावर बारीक शिरा दिसत होत्या आणि हनुवटीवर एकाच आकाराच्या पुळ्यांचे पीक होते. "मामा, क्रीम थांबवलं की दोन दिवसांत चेहरा पेटतो, परत लावलं की शांत होतो," ती म्हणाली. हे वाक्य ज्या रोग्याच्या तोंडी येते, त्याच्या चेहऱ्याला स्टेरॉइडची सवय लागली असल्याची दाट शंका घ्यावी.

स्टेरॉइड हे वाईट औषध आहे असा याचा अर्थ नाही. इसब, सोरायसिस अशा विकारांत ते डॉक्टरांच्या देखरेखीखाली फार उपयोगी पडते. मात्र मुरुमांवर लावल्यास ते सूज दाबते, आणि सूज दबल्यामुळे मुरूम बरे झाल्यासारखे वाटते. वरून ते त्वचा पातळ करते, चेहऱ्यावर लव वाढवते आणि स्वतःच नव्या पुळ्या निर्माण करते. बंद केल्यावर दबलेली सूज दुपटीने उसळते, रोगी घाबरून पुन्हा क्रीम लावतो आणि चक्र सुरू राहते. आपल्या देशात हा प्रकार इतका वाढला, की भारतीय त्वचारोगतज्ज्ञांनी २००८ साली या अवस्थेला ‘टॉपिकल स्टेरॉइड डॅमेज्ड फेस’, म्हणजे लावण्याच्या स्टेरॉइडने बिघडलेला चेहरा, असे स्वतंत्र नावच दिले. त्वचारोगतज्ज्ञांच्या आयएडीव्हीएल या देशव्यापी संघटनेने त्याविरुद्ध मोहीम चालवली आणि २०१८ मध्ये केंद्र सरकारने लावण्याची अनेक स्टेरॉइडे चिठ्ठीविना विकता येणार नाहीत अशा यादीत, म्हणजे शेड्यूल एचमध्ये, स्पष्टपणे घातली. तरीही ती मागणारे आणि देणारे दोन्ही आजही आहेत, हे मी माझ्या व्यवसायाविषयी दुःखानेच लिहितो.

म्हणून घरातील प्रत्येक ट्यूब उजेडात धरून तिच्यावरील बारीक अक्षर वाचावे. बीटामेथासोन, मोमेटासोन, क्लोबेटासॉल, फ्लुओसिनोलोन यांपैकी एखादे नाव दिसले तर ते स्टेरॉइड आहे. हायड्रोक्विनोन, ट्रेटिनॉइन आणि मोमेटासोन असे तीन घटक एकत्र असलेले क्रीम विशेष ओळखून ठेवावे: ते वांगासाठी, ठरावीक मुदतीपुरते आणि डॉक्टरांनी सांगितल्यावरच वापरायचे असते, पण ते ‘गोरे होण्याचे क्रीम’ म्हणून मैत्रिणी-मैत्रिणींत फिरते. गजकर्णावरच्या अनेक मिश्र क्रीमांतही स्टेरॉइड असते आणि ‘पुळीच आहे ना’ म्हणून तेही चेहऱ्याला लागते. डबीवर घटकच लिहिलेले नसतील, तर ती डबी चेहऱ्यासाठी नाही असे समजावे. उलट, सर्व पुळ्या एकाच आकाराच्या व एकाच अवस्थेतील असणे, ब्लॅकहेड जवळपास नसणे, उन्हात गेल्यावर किंवा चुलीसमोर उभे राहिल्यावर चेहऱ्याची आग होणे ही लक्षणे असतील, तर क्रीममध्ये काय होते हे माहीत नसले तरी संशय घ्यावा.

असे आढळल्यास त्वचारोगतज्ज्ञांकडे जाणे एवढा एकच मार्ग मी सुचवीन. क्रीम एकदम थांबवायचे की हळूहळू, मधल्या काळात काय घ्यायचे, हे ते ठरवतात. पहिले काही आठवडे चेहरा आधीपेक्षा वाईट दिसतो आणि त्या काळात घरच्यांनी धीर देण्याची सर्वाधिक गरज असते. माझ्या भाचीला साध्या मॉइश्चरायझरवर, सनस्क्रीनवर आणि पोटात घेण्याच्या गोळ्यांवर ठेवले होते. लग्नाच्या फोटोत तिचा चेहरा लालच होता. पूर्ण स्थिर व्हायला पाच महिने लागले.

खाजणारी मुरुमे

मुरूम दुखते, ते सहसा खाजत नाही. कपाळाच्या वरच्या कडेला, पाठीवर, छातीवर किंवा खांद्यावर टाचणीच्या डोक्याएवढ्या, सारख्याच आकाराच्या, खाजणाऱ्या पुळ्या असतील आणि घाम आला की त्या वाढत असतील, तर ते केसांच्या मुळांचे बुरशीजन्य दुखणे असू शकते. मॅलासेझिया नावाची ही बुरशी सर्वांच्याच त्वचेवर असते आणि त्वचेवरील तेलातील मेदाम्लांवर जगते. मुंबई-कोकण-गोव्याच्या दमट हवेत, मे-जूनच्या घामाच्या दिवसांत, घट्ट सिंथेटिक कपड्यांखाली तिचे चांगलेच फावते. यातील मेख अशी, की मुरूम समजून दिलेल्या प्रतिजैविकांनी ही बुरशी कमी होत नाही, उलट तिच्याशी स्पर्धा करणारे जिवाणू मारले गेल्याने ती वाढते. "डॉक्टरांच्या गोळ्या घेतल्यावर तर जास्तच आली" असे कोणी सांगितले, की माझ्या मनात प्रथम हेच येते. त्वचेचा थोडा खरवडा सूक्ष्मदर्शकाखाली पाहून निदानाला आधार मिळतो आणि बुरशीविरोधी औषधाने काही आठवड्यांत फरक पडतो.

तेलाचा विषय निघालाच आहे तर आपल्या घराघरांतील एका सवयीबद्दल लिहायला हवे. डोक्याला खोबरेल तेल चोपडून रात्रभर तसेच झोपणे आपल्याकडे केसांच्या निगेचा भाग मानले जाते. ते तेल उशीच्या अभ्र्यावर, तेथून कपाळावर आणि गालांवर उतरते आणि नळ्यांची तोंडे बंद करते. कपाळावर, केसांच्या रेषेला धरूनच बारीक दाणे येत असतील, तर महिनाभर तेल फक्त न्हाण्याआधी तास-दोन तास लावून धुऊन टाकावे, झोपताना केस कोरडे व बांधलेले ठेवावेत आणि अभ्रा आठवड्यातून दोनदा बदलावा. आजीचा विरोध होईल. तिला सांगावे की तेल सोडलेले नाही, वेळ बदलली आहे.

हेल्मेटचा पट्टा जेथे घासतो तेथेच, म्हणजे हनुवटीखाली आणि जबड्याच्या कडेला, पुळ्या येत असतील तर कारण उघड आहे: पट्टा व आतले अस्तर धुवावे, हेल्मेट मात्र सोडू नये.

औषधांमुळे येणाऱ्या पुळ्या हा याच वर्गातील पण सहज निसटणारा प्रकार आहे. शाकाहारी घरांत बी-१२ कमी निघणे नेहमीचे झाले आहे आणि त्याची इंजेक्शने सुरू केल्यावर काहींच्या चेहऱ्यावर अचानक पुळ्या उठतात. व्यायामशाळेत घेतली जाणारी पुरुषी संप्रेरकांची इंजेक्शने पाठ व खांदे भरून टाकतात, आणि तरुण मुले ते घरी सांगत नाहीत. व्हे प्रोटीनच्या पावडरींचाही मुरुमांशी संबंध नोंदला गेला आहे. क्षयावरील आयसोनियाझिड आणि फिट्सवरील काही गोळ्या यांनीही पुळ्या येऊ शकतात. यांपैकी क्षयाची किंवा फिट्सची औषधे चेहऱ्यासाठी स्वतःहून कधीही थांबवू नयेत; ज्यांनी ती लिहून दिली त्यांनाच पुळ्यांविषयी सांगावे.

पंचविशीनंतर, जबड्याच्या रेषेवर

स्त्रियांमध्ये पंचविशीनंतरही मुरुमे येत राहणे, ती प्रामुख्याने हनुवटी व जबड्यावर असणे आणि पाळीच्या आधीच्या आठवड्यात वाढणे, हे चित्र संप्रेरकांकडे बोट दाखवते. त्यासोबत पाळी अनियमित असेल, ओठांवर-हनुवटीवर राठ केस येत असतील, डोक्यावरचे केस विरळ होत असतील किंवा वजन वाढत असेल, तर पीसीओएसची, म्हणजे अंडाशयांशी निगडित संप्रेरकांच्या बिघाडाची, तपासणी करून घ्यावी. अशा वेळी केवळ वरून लावलेली औषधे थांबवताच मुरुमे परतणे स्वाभाविक आहे, कारण आतला रेटा तसाच असतो. डॉक्टर संप्रेरकांच्या गोळ्या किंवा अँड्रोजेनचा परिणाम रोखणारे स्पायरोनोलॅक्टोन देऊ शकतात. ही औषधे दुसऱ्याच्या चिठ्ठीवरून घेण्याची मुळीच नव्हेत. आहाराबद्दल मी एवढेच सांगतो, की साखर, मैदा आणि गोड पेये कमी केल्याने काहींना निश्चित लाभ होतो, आणि दुधाचा संबंध काही जणांपुरता दिसतो. चमचमीत खाल्ल्याने मुरुमे येतात म्हणून मुलींच्या ताटातील चटणी काढून घेणाऱ्या आयांनी मात्र निश्चिंत राहावे.

नीट लावणे आणि लावत राहणे

आता समजा वरील काहीच लागू नाही, मुरुमे साधीच आहेत, आणि तरीही उलटतात. मग औषध लावण्याची पद्धत तपासावी. सर्वांत मोठी चूक म्हणजे दिसणाऱ्या पुळीवर ठिपका देणे. ॲडापलीन हे रात्री लावण्याचे जेल नळीच्या तोंडाशी गुठळी होऊ देत नाही, म्हणून ते पुळी नसलेल्या भागावरही लावायचे असते: वाटाण्याएवढे जेल पूर्ण चेहऱ्याला, डोळे, नाकाच्या कडा व ओठांचे कोपरे सोडून, चेहरा धुऊन कोरडा झाल्यावर. पहिल्या दोन-तीन आठवड्यांत कोरडेपणा, साल निघणे आणि कधी पुळ्या वाढल्यासारखे वाटणे अपेक्षित असते. तेव्हा एक दिवसाआड लावावे, आधी मॉइश्चरायझर लावावे, पण सोडू नये. गरोदर असताना किंवा गर्भधारणेचा विचार असताना ते वापरू नये. त्या काळात अझेलिक ॲसिडसारखा सुरक्षित पर्याय डॉक्टर देतात.

बेंझॉइल पेरॉक्साइड जिवाणू मारते आणि जिवाणू त्याला निर्ढावत नाहीत. २.५ टक्क्यांचे जेल १० टक्क्यांच्या जवळपास तेवढेच काम करते आणि जळजळ बरीच कमी करते, तरीही ग्राहक मोठा आकडा मागतात. ते कापडाचा रंग उडवते, म्हणून पांढरा टॉवेल वापरावा. क्लिंडामायसिन हे प्रतिजैविक जेल एकटे महिनोन्महिने लावणे ही परत येणाऱ्या मुरुमांची हमखास वाट आहे, कारण जिवाणू निर्ढावतात. ते बेंझॉइल पेरॉक्साइडच्या जोडीनेच आणि ठरावीक मुदतीपुरते वापरायचे असते. डॉक्सिसायक्लिन या पोटात घेण्याच्या प्रतिजैविकाच्या गोळ्यांचेही तसेच: साधारण तीन-चार महिन्यांत त्या थांबतात, आणि त्यानंतर ॲडापलीन चालू ठेवले नाही तर सगळे मूळपदावर येते. चेहरा स्वच्छ झाल्यानंतरही पुढे कित्येक महिने चालवायचा हा निगराणीचा उपचार चिठ्ठीवर लिहिलेला असतो आणि तोच सर्वांत आधी सुटतो. डॉक्सिसायक्लिनची गोळी भरपूर पाण्याबरोबर, बसून घ्यावी आणि घेतल्यावर लगेच आडवे होऊ नये.

खोल, दुखऱ्या गाठी येत असतील किंवा व्रण पडू लागले असतील, तर लावण्याच्या औषधांत वेळ न घालवता आयसोट्रेटिनॉइनबद्दल डॉक्टरांशी बोलावे. १९८२ पासून वापरात असलेले हे औषध तेलग्रंथीच आकसवते आणि अनेकांची मुरुमे कायमची थांबतात. ती परत आलेल्यांना मी एक गोष्ट आवर्जून विचारतो: गोळी कशाबरोबर घेत होता? नेहमीची गोळी उपाशीपोटी घेतली तर बरीच कमी शोषली जाते. ती स्निग्ध पदार्थ असलेल्या जेवणाबरोबर घ्यावी लागते. शिवाय वजनानुसार ठरलेली एकूण मात्रा पूर्ण होण्याआधी सोडणे हेही उलटण्याचे कारण असते. या औषधाने गर्भात गंभीर व्यंगे निर्माण होतात, त्यामुळे गोळ्या चालू असताना आणि थांबल्यावर किमान एक महिना गर्भधारणा होता कामा नये. यकृताच्या व रक्तातील चरबीच्या तपासण्या सांगितल्याप्रमाणे कराव्यात आणि याच्याबरोबर डॉक्सिसायक्लिन कधीही घेऊ नये.

घरगुती उपायांपैकी लिंबू, खाण्याचा सोडा आणि टूथपेस्ट हे तीन तर चेहऱ्याजवळ आणूच नयेत. लिंबाचा रस लावून उन्हात गेल्यास त्वचा भाजून काळी पडते. मुलतानी मातीने तेल तात्पुरते टिपले जाते, त्यापलीकडे काही होत नाही. दिवाळीत उटणे जरूर लावावे, मात्र सुजलेल्या पुळ्यांवर ते रगडू नये, आणि साय तर नकोच. चेहरा दिवसातून दोनदा सौम्य फेसवॉशने धुणे पुरेसे असते.

मागे राहणाऱ्या काळ्या डागांना अनेक जण मुरुमेच समजतात आणि ‘अजून गेली नाहीत’ म्हणून औषध बदलतात. आपल्या सावळ्या त्वचेत सूज उतरल्यावर असा डाग उरतो आणि तो काही महिन्यांत फिका होतो. हाताला सपाट लागत असेल तर तो डाग आहे. पुळी न फोडणे आणि सकाळी एसपीएफ ३० किंवा अधिकचे सनस्क्रीन लावणे यांनी त्याला सर्वाधिक मदत होते. हाताला खड्डा लागत असेल तर तो व्रण आहे आणि त्याचे उपचार मुरुमे थांबल्यानंतरचे आहेत.

त्वचारोगतज्ज्ञांकडे जाताना आजवर लावलेल्या सर्व ट्यूबा, डब्या आणि गोळ्यांची रिकामी पाकिटे एका पिशवीत घालून न्यावीत, पार्लरची बिननावाची डबीसुद्धा. दर पंधरवड्याला एकाच खिडकीशी, एकाच वेळी काढलेले चेहऱ्याचे फोटो आणि स्त्रियांनी पाळीच्या तारखाही जवळ ठेवाव्यात. मुरुमांसोबत ताप आणि सांधेदुखी असेल, किंवा पुळ्या फुटून जखमा होत असतील, तर पुढच्या महिन्याची वेळ घेऊन थांबू नये, त्याच दिवशी जावे.

माझी भाची आजही ॲडापलीन आठवड्यातून तीन रात्री लावते, तिच्या डॉक्टरांनी सांगितले आहे तसे. नवी ट्यूब घ्यायला ती माझ्याकडेच येते आणि पैसे देण्याआधी मागची बाजू वळवून घटक वाचते.